गच्चीवरचा डबा आणि रविवारचा रिपोर्ट

मानेवाड्याच्या त्या गल्लीत इंटरनेट बंद पडलं की माणसं आधी उत्तराच्या गच्चीकडे बघत. सगळ्या गल्लीच्या वायरी जिथून निघत, तो करड्या रंगाचा डबा उत्तराच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर ठोकलेला होता. दहा वर्षांपूर्वी जितेंद्र नावाचा केबलवाला हात जोडून उभा राहिला, एवढी जागा द्या, तुमच्या घरचं नेट जिंदगीभर फ्री म्हणाला, आणि उत्तराच्या वडिलांनी, दत्तोपंतांनी, मान डोलावली. कागद नाही, सही नाही. फुकट म्हटलं की चार प्रश्न विचारायचा आपल्याला संकोच वाटतो, ही आपली जुनी खोड आहे.

उत्तरा सत्तेचाळीस वर्षांची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून सोळा वर्षांपूर्वी माहेरी परत आली आणि गच्चीवरच्या खोलीत राहिली. खाली थोरला भाऊ सुमंत आणि वहिनी. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलचे डॉक्टर जे बोलून ठेवत ते ऐकून ती लॅपटॉपवर टाइप करायची आणि त्यावर तिचं भागायचं. रोग्यांची माहिती आपल्या हातून बाहेर जाऊ नये याची तिला फार धास्ती. म्हणूनच जितेंद्रच्या कंपनीने 'कवच' नावाचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर काढलं, तेव्हा तिने स्वतःच त्याला वर बोलावलं. व्हायरस अडवते, खोटे मेल अडवते, आपलंच आहे, फुकट आहे. त्याने लॅपटॉपमध्ये टाकलं, मोबाइलमध्ये टाकलं, तिने त्याला चहा पाजला. जाता जाता त्याने कनेक्शन आता कोणाच्या नावावर आहे ते विचारलं. दत्तोपंत गेल्यावर ते सुमंतच्या नावावर झालं होतं, तसं तिने सांगितलं आणि विसरूनही गेली.

दत्तोपंतांचं वर्षश्राद्ध झालं आणि पंधरा दिवसांनी सुमंतने जेवताना हक्कसोडपत्राचा विषय काढला. घर त्याच्या एकट्याच्या नावावर झालं की पुढे कटकट नाही. बहिणी सही करतातच, गल्लीतल्या सगळ्यांनी केली. आणि वरची खोली तर तुझीच आहे, तुला कोण हलवणार? उत्तरा हो म्हणायच्याच बेतात होती. पण 'वरची खोली तुझीच' हे वाक्य त्या कागदात कुठे सापडेना. त्या महिन्यात तिच्या जिवाला दुसराही एक घोर होता, तो तिने कोणाला सांगितला नव्हता. त्यात ही भर. तीन दिवस ती लॅपटॉपवर वाचत बसली: वडिलांच्या घरात मुलीचा वाटा किती, सही केल्यावर काय उरतं, रामदासपेठेत अशी कामं करणारी वकीलबाई कोण. वाटा मुलाइतकाच असतो आणि सही केली की हातात काहीच उरत नाही, एवढं तिला कळलं. हे ती घरात बोलली नाही. फक्त शेजारच्या पंचफुलाबाईंना त्या वकीलबाईंचं ऑफिस कोणत्या गल्लीत येतं ते विचारलं. पंचफुलाबाई पंचवीस वर्षं रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या गेटवर पहाऱ्याला होत्या, त्यांना तिथली गल्ली न गल्ली ठाऊक.

आणि रविवारी सकाळी सुमंत जिना चढून वर आला. तो कधी वर येत नसे.

"वकील शोधून राहिली तू?" त्याने विचारलं. मंगळवारी पावणेबाराला काय वाचलं, बुधवारी दुपारी कोणाचा पत्ता काढला, सगळं त्याने तारीखवार म्हणून दाखवलं. बाबांना जाऊन जेमतेम वर्ष झालं तर बहिणीच्या तोंडी कोर्टाची भाषा! महिनाअखेरपर्यंत सही कर, नाही तर खोली रिकामी कर, असं सांगून तो खाली उतरला.

उत्तराने आधी लॅपटॉप मिटला. याला कळलं कसं? खोलीला कुलूप असतं, लॅपटॉपला पासवर्ड असतो. सांगितलं होतं एका माणसाला. पंचफुला! पंचवीस वर्षं लोकांच्या पिशव्या उचकलेली बाई, तिच्या पोटात काय राहणार? वार आणि वेळा तिला कुठून कळल्या, एवढा विचार रागात सुचलाच नाही. उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला.

डब्यातल्या प्रत्येक वायरीवर जितेंद्रने पांढऱ्या पट्टीवर नाव लिहून ठेवलं होतं. पंचफुलाबाईंच्या नावाची वायर तिने शोधली आणि ओढून काढली. त्या बाईंची मुलगी उमरेडला, सातवा महिना, डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केलेली. मायलेकी रोज चार वाजता मोबाइलवर एकमेकींना बघत. हे उत्तराला माहीत नव्हतं असं नाही. चार वाजले की पंचफुलाबाई मोबाइल वर धरून अंगणात इकडून तिकडे फिरायच्या आणि उत्तरा गच्चीच्या कठड्याआडून ते बघायची. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटायचं. सूड गोड लागतो, आणि तिने तो आठ दिवस चाखला.

नवव्या दिवशी तक्रारीवरून जितेंद्र आला. वायर सुटलेली बघून त्याने उंदरांना दोन शिव्या दिल्या, वायर जोडली आणि डब्याचं झाकण लावता लावता खुशीत बोलला, "ताई, कवच मस्त चालून राहिलं न? दादा तं एकदम खुश हाये. दर रविवारी नऊ वाजता त्याहिच्या मोबाइलवर रिपोर्ट जाते न. घरात कोनं काय पाह्यलं, काय शोधलं, टायमासकट."

"दादाला? का?"

"कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याले."

 उत्तराने जितेंद्रच्या पिशवीतली पक्कड उचलली आणि डब्यासमोर जाऊन उभी ठाकली. तुझा डबा, तुझं कवच, तुझी गल्ली, सगळं आत्ता कापते म्हणाली. जितेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. ऐंशी घरं होती त्या डब्यावर. कंपनीनं दिलं ते आपण लावलं, आपला काय दोष, अशी त्याने गयावया केली, आणि ती ऐकेना तेव्हा शेवटी स्वतःचा मोबाइल पुढे केला. "दादाची बी यादी हाये माझ्यापाशी. महिनाभराची. पाहून घ्या, हिसाब बराबर करा."

उत्तराने पक्कड टाकली आणि हात पुढे केला. दादा काय बघतो, कोणाला लिहितो, घर विकायला काढलंय की काय, सगळं एका बोटावर आलं होतं. त्याने मला उघडं पाडलं, आता मी त्याला गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही!

"थांब वं पोरी."

जिन्याच्या तोंडाशी पंचफुलाबाई धापा टाकत उभ्या होत्या. लाइन जुळली का ते बघायला आल्या होत्या आणि सगळं ऐकलं होतं. त्या पाण्याच्या टाकीपाशी टेकल्या.

"गेटवर बायाइच्या पिशव्या तपासाची मी," त्या म्हणाल्या. "एक डाव एका बाईच्या पिशवीत उमरेडच्या गाडीचं तिकीट दिसलं. मांगून तिचा नवरा आला. काय होतं पिशवीत म्हने. मी सांगून देल्लं, मले काय मालूम? त्यानं तिले बसस्टँडावरून वढत आनलं. माह्या डोयासमोरून नेलं. तवापासून मी कायदा केला. पिशवीत चाकू दिसला तं अडवाचं. तिकीट दिसलं तं आपल्याले दिसलंच नाई. मले चाकू पाहाले ठेवलं होतं, तिकीट पाहाले नाई." मग त्या जितेंद्रकडे वळल्या. "तुहं कवच चाकू बी पाहात असन, मी खोटं नाई म्हनत. पर ते तिकिटं वाचून घरधन्याले नेऊन देते. हा पहारा नोहे गा, ही चुगली हाये."

उत्तराचा राग शमेना. दादाने माझं वाचलेलं चालतं आणि मी त्याचं वाचलं तर पाप का, असं तिने फाडकन विचारलं.

"पाप नाई वं. पर त्याले लाज वाटावी असं वाटते न तुले? तं तुह्यापाशी लाज शिल्लक पायजे."

उत्तराने हात मागे घेतला. खाली बघतच तिने सांगून टाकलं की उंदीर वगैरे काही नव्हतं, वायर आपणच ओढली, चुगली तुम्हीच केली असं वाटून.  आठ दिवस माय दिसली नाही म्हणून पोरगी उमरेडला रडून राहिली, एवढंच पंचफुलाबाई बोलल्या आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर उत्तराला सोपं गेलं असतं.

पण सुमंतचा हिशेब अजून बाकी होता, आणि तो सोडून देण्याइतकी उत्तरा साधू नव्हती. तिने जितेंद्रला बजावलं: दादाची यादी मी पाहणार नाही, पण माझी त्याला पाहू दे. रविवारपर्यंत कवच तसंच ठेव आणि खाली एक शब्द बोललास तर डबा नालीत सापडेल. हॉस्पिटलचं काम तिने त्या आठवड्यात हॉस्पिटलातच बसून केलं. घरी आली की लॅपटॉप उघडायची आणि सुमंतसाठी दाणे टाकायची. सोमवारी शोधलं: बहिणीला घराबाहेर काढणाऱ्या भावाविरुद्ध तक्रार कुठे करावी. मंगळवारी: वारसाच्या सहीशिवाय घर विकता येतं का. सुमंत सरकारी कचेरीत हेडक्लार्क, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. म्हणून बुधवारी: नोटीस भावाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवता येते का. एकेक ओळ ती चवीने लिहायची आणि रात्री शांत झोपायची. शनिवारी संध्याकाळी तिने शेवटची ओळ टाकली.

रविवारी सकाळी सुमंत पोह्यांची बशी घेऊन नेहमीप्रमाणे वहिनीला रिपोर्ट वाचून दाखवत होता. तक्रारीपाशी त्याचा आवाज चढला, ऑफिसच्या पत्त्यापाशी उतरला. शेवटी तो थांबलाच. काय आहे पुढे, असं वहिनीने विचारलं आणि मोबाइल हातात घेऊन वाचलं. तिथे लिहिलं होतं: सुमंतदादा, वाचून झालं असेल तर वर ये. चहा ठेवते.

तो वर आला तेव्हा चहा खरंच तयार होता. साखर नव्हती, आणि ती विसरली नव्हती. नोटीस काढलीस का, त्याने पडलेल्या आवाजात विचारलं. नाही काढली, पण सही करणार नाही आणि खोलीही सोडणार नाही, ती म्हणाली. सुमंत चाचरत बोलू लागला, की जितेंद्रने लावून दिलं, मी मागितलं नव्हतं, आलं ते फक्त वाचलं.

"माझ्या नावाचं पाकीट खाली आलं असतं तर फोडलं असतंस?"

"नाही."

"मग हे?"

सुमंतने कप खाली ठेवला. बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "मागच्या महिन्यात तू छातीतल्या गाठीबद्दल वाचत होतीस. तीन रविवार आलं ते रिपोर्टमध्ये."

 तोच तर उत्तराचा घोर होता!

"तुला माहीत होतं?"

"विचारावंसं वाटलं. पण विचारलं असतं तर मी वाचतो हे तुला कळलं असतं."

"तपासून घ्यायला एकटी गेले होते मी, दादा. बाहेरच्या बाकावर प्रत्येकीबरोबर कोणी ना कोणी होतं. फॉर्मवर सोबतच्या माणसाचं नाव विचारलं तेव्हा मी रेघ ओढली. आणि तू खाली बसून पोहे खात वाचत होतास?"

गाठ साधी निघाली होती. तेही तिने सांगितलं, पण बऱ्याच वेळाने, कारण सुमंत रडत होता आणि तो रडावा असंच तिला वाटत होतं. कोर्टाची भीती त्याला वरपर्यंत घेऊन आली होती, पण माणूस मोडला तो या गोष्टीने. बहिणीची इतकी मोठी भीती हाताशी असून आपण पहारेकरी झालो, भाऊ झालो नाही! त्याने हक्कसोडपत्राचे चार तुकडे केले आणि घरावर दोघांचं नाव लावायचा अर्ज पुढच्याच आठवड्यात स्वतः दिला.

उत्तराने त्याला माफ केलं का? अजून नाही. साखर महिन्याभराने घालायला लागली, एवढंच. कनेक्शन तिने आपल्या नावावर करून घेतलं, कवच काढलं, लॅपटॉपमधली मुळातली सुरक्षा चालू केली आणि ती वेळच्या वेळी अपडेट करू लागली. डबा भिंतीवर राहिला, पण एका अटीवर. जितेंद्रने ऐंशी घरी जायचं आणि रिपोर्ट कोणाला जातो ते घरातल्या प्रत्येकाला, बायांना आधी, तोंडाने सांगायचं. सोबत पंचफुलाबाई गेल्या. फेरी अर्धी राहिली तरी चारच्या आत त्या घरी असत. नको म्हणाल त्या घरचा रिपोर्ट तिथल्या तिथे बंद. सोळा घरांत बायांनी फक्त नवऱ्याकडे वळून बघितलं.

तर मंडळी, इंटरनेटवाल्याने दिलेली सुरक्षा लगेच फेकून द्या असं कोणी म्हणत नाही. चोर खरे आहेत, चाकूही खरे आहेत. पण दारात पहारेकरी उभा करण्याआधी त्याला विचारा: तू काय काय बघतोस, आणि बघितलेलं नेऊन कोणाला देतोस? उत्तर मिळेना तर तो फुकटही घेऊ नका. आणि ज्यांच्या मोबाइलवर दर रविवारी असा रिपोर्ट येतो, त्यांनी तो वाचू नये. जिना चढावा आणि कशी आहेस म्हणून विचारावं.