तीन इंच

"फळी लावा. सरकते मी," इंदूबाई म्हणाल्या.

वामनरावांनी चाकाची खुर्ची गाडीच्या उघड्या दाराला भिडवली आणि खुर्चीपासून सीटपर्यंत गुळगुळीत फळी टाकली. फळी चढाची झाली. इंदूबाईंनी उजव्या हाताने सीटची कड धरली, अंगाला हेलकावा दिला, चार बोटं वर सरकल्या आणि तितक्याच खाली घसरल्या. दुसऱ्यांदाही तेच. मग त्या धापा टाकत बसून राहिल्या.

उजवा पाय साखरेने गुडघ्यापासून नेला होता. डाव्या हातात डायलिसिससाठी जोडलेली शीर. त्यावर भार द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. उरला एक हात आणि एक पाय.

"याच्याआधी तर सटकन जात होती मी. आज काहून नाही जमून राह्यलं?"

"तीन इंच," वामनराव पुटपुटले. "गाडी वर आणली ना म्या."

त्या तीन इंचांचा हिशोब त्यांना पाठ होता. खुर्चीची बैठक जमिनीपासून एकोणीस इंच. पाय गेल्यावर त्यांनी गाडीच्या स्प्रिंगांचे वेढे कापून सीटही बरोबर एकोणीस इंचांवर उतरवली. फळी सपाट टाकली की इंदूबाई आपल्या आपण खुर्चीतून गाडीत जात. दर मंगळवारी, शुक्रवारी दारव्ह्याहून यवतमाळला. कुणाचा हात लागत नसे.

मग पेट्रोलचं इंजिन गेलं. भंगारात डिझेलचं बरं इंजिन सापडलं, ते त्यांनी चढवलं. चाळीस वर्षं मेकॅनिकी करणाऱ्या माणसाने तिथे चूक केली. स्प्रिंगा कापल्या होत्या त्या जुन्या इंजिनाच्या वजनावर. नवं साठ किलोने जड निघालं. गाडीचं नाक खाली गेलं. स्प्रिंगांना दबायला जागाच उरली नाही, खड्ड्याखड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळू लागलं, आणि गेल्या शुक्रवारी यवतमाळ रोडवरच्या एका ब्रेकरवर इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटला. तेल रस्त्यावर सांडलं, गाडी कडेला लागली, डायलिसिस हुकलं. शनिवारी मशीन रिकामी नव्हती. मंगळवारी मात्र चुकवू नका, डॉक्टर फोनवर म्हणाले, पाणी फुप्फुसात चढू लागलंय.

वामनरावांनी चेंबर वेल्ड केला, लांब आणि जाड स्प्रिंगा टाकल्या. आता गाडी ब्रेकर ओलांडणार होती. पण तिच्यात बसायचं कसं? खुर्चीत उशा घालून पाहिल्या, तर इंदूबाईंचा तोल जाऊ लागला. खुर्ची विटांवर चढवली, तर ती डुगडुगली आणि घसरली.

शेजारच्या टायरच्या दुकानातून जुनेद आला. "काका, बारा वाजताचा नंबर आहे ना? मी उचलून ठेवतो काकूले. दोन मिनिटाचं काम."

"उचलतेत मढ्यायले, बाबू. मी अजून बोलून राह्यली."

"तुमी तर काकू, मेल्यावरबी अर्धा घंटा बोलान."

इंदूबाई हसल्या, त्यात त्यांना खोकला आला आणि खोकल्यात दम तुटला. चेहरा राखेसारखा झाला. तीन दिवस आडवं होता येत नव्हतं. त्या भिंतीला टेकून, बसूनच झोपत होत्या.

जुनेद पुढे झाला. इंदूबाईंनी हात आडवा केला. पाय कापला त्या आठवड्यात वॉर्डातल्या चौघांनी त्यांना असंच उचललं होतं. लुगडं सुटलं. खाटा भरलेल्या होत्या, सगळे पाहत होते, आणि ते सावरायला चौघांपैकी एकाचाही हात मोकळा नव्हता. वामनरावांच्या कमरेची चकती सरकलेली. ते एकटे उचलू शकत नव्हते.

"राहू द्या आज," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी पाहू."

"शुक्रवार नाही दिसणार तुले, इंदू!"

वामनराव ओरडले. ते गाडीशेजारी मटकन खाली बसले.

वामनरावांच्या नाकासमोर डावा टायर होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि आतली पिन नखाने दाबली. हवा सुसाट सुटली.

"काय करून राह्यले, काका?"

"खाली आणून राह्यलो."

मागच्याही टायरची हवा सोडली. गाडी डावीकडे झुकली, झुकत झुकत सीट खुर्चीच्या पातळीला आली. इंदूबाई सरकल्या. दोन दमांत आत गेल्या. जुनेदने परत हवा भरायला आपल्या कंप्रेसरचा पाइप ओढून आणला.

यवतमाळला उतरताना फळी उताराची होती, ते सोपं गेलं. पण संध्याकाळी पाचला दवाखान्याच्या फाटकापाशी कंप्रेसर नव्हता. वामनरावांनी समोरच्या सायकलवाल्याकडून हातपंप मागून आणला आणि आधी डावीकडच्या दोन्ही टायरांची हवा सोडली.

"बाबाजी, इथं पंक्चर काढायचं नाही," वॉचमन आला.

"पंक्चर नाही. हवा सोडली."

"काहून?"

वामनरावांनी फळी टाकली. रिम जमिनीला टेकले होते. याच्या खाली गाडी जाऊ शकत नव्हती. तीन किलो पाणी काढलेल्या इंदूबाईंच्या उजव्या हातात मात्र सकाळइतकाही जोर उरला नव्हता. पहिल्यांदा त्या जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्यांदा हात सुटला. मागे एक गाडी हॉर्न वाजवू लागली.

"दोघं जण बोलावतो," वॉचमन म्हणाला. "उचलून टाकू बाईले."

"टाकता कायले? पोतं हाय का मी?"

त्या बोटभर सरकल्या. थांबल्या. पुन्हा बोटभर. वामनरावांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले; मोकळे सोडले असते तर ते पुढे गेले असते. हॉर्न वाजत राहिला. कधीतरी इंदूबाईंची पाठ सीटला टेकली. त्यांनी उरलेला पाय हाताने उचलून आत घेतला आणि पदर सारखा केला.

वामनरावांनी पंप लावला. पन्नास दाबांनंतर सदरा अंगाला चिकटला. शंभरानंतर कंबर बोलू लागली. गाडी सुतासुताने वर येत होती, इतकी हळू की शेजारी उभ्या वॉचमनलाही ते कळलं नसतं.

"अवो," खिडकीतून आवाज आला. "वर येऊन राह्यली का मी?"

"येऊन राह्यली," वामनराव म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा दट्ट्या दाबला.