दोनदा विचारलेला प्रश्न

डॉक्टर कुबिक प्रत्येक पेशंटला महत्त्वाचा प्रश्न दोनदा विचारत. सुरुवातीला मला ती त्यांची पद्धत वाटली. मी बायोकेमिस्ट्री शिकलेली. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक मोजमाप दोनदा घ्यायचो आणि दोन्ही आकडे जुळले तरच ते खरं मानायचो. माणसाच्या उत्तराचीही तशीच खात्री करून घ्यायची, हे मला फार आवडलं. जेवताना मी आईला ते कौतुकाने सांगितलं. आईने बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "हो, डॉक काळजीने विचारतात," ती म्हणाली आणि वडिलांना कुंपणाच्या तारेबद्दल काहीतरी विचारू लागली.

मेडिकलला अर्ज करायचा तर आधी एखाद्या डॉक्टरच्या मागे सावलीसारखं उभं राहून काम पाहिलेलं असावं लागतं. त्याशिवाय अर्जाकडे कुणी बघत नाही. शहरातल्या हॉस्पिटलांनी मला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. तिथे डॉक्टरांचीच मुलं आधीपासून रांगेत असतात आणि माझे वडील गुरं पाळतात. आमच्या छोट्या व्हिटन गावात मात्र एक दवाखाना होता, एक डॉक्टर होते आणि एक नर्स होती, डार्लीन. मी फोन केला तेव्हा ती लगेच म्हणाली, "सोमवारी ये." मला वाटलं, माझे मार्क ऐकून.

कोपऱ्यात उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही आणि खोलीत बोलायचं नाही, एवढंच तिने बजावलं होतं. बाहेर आले की ती माझी परीक्षा घ्यायची.

"सांग, काय दिलं?"

"रक्तदाबाची गोळी. वीसची."

"वीस? चाळीस नाही?"

"वीसच म्हणाले."

"शाबास, कॅरिसा." मग ती कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करायची. शिकवण्याची ही रीत मला चोख वाटायची.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी व्होंद्राचेक बाई आल्या. डॉकनी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता विचारलं, "आणि एडविन कसा आहे?"

बाईंनी मांडीवरची पर्स नीट केली. "बरा आहे, डॉक."

पट्टा सोडताना त्यांनी पुन्हा विचारलं, "एडविन काय म्हणतोय?"

"बरा आहे."

मी बाहेर येऊन डार्लीनला गाठलं. "डार्लीन, त्यांचे नवरे एडविन मार्चमध्येच गेले ना? डॉकनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला होता."

"दिला होता. त्या दिवशीचे गोड कोलाचे पाव मीच भाजले होते."

"मग त्या 'बरा आहे' का म्हणाल्या?"

"मग काय म्हणायचं होतं? डॉकना त्यांचा मित्र पुन्हा मारून दाखवायचा?" तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "तुला काय वाटलं, तुझे मार्क बघून घेतलं मी तुला? मला आत दोन कान हवे होते. मी फोन सांभाळू, सुया टोचू, की त्यांच्या मागे फिरू?"

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"औषधाच्या दुकानात रॉजरला. डॉकच्या हातून काही विचित्र लिहून गेलं की तो मला फोन करतो. पेशंटना माहीत आहे. तुझ्या आईला माहीत आहे. डॉकना सोडून सगळ्यांना." ती आवाज खाली आणून म्हणाली, "पुढचा डॉक्टर दीड तासावर आहे, बर्फ नसेल तेव्हा. डॉक घरी बसले की दवाखाना बंद. तुझ्या अर्जाची शिफारसही त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा बाहेर आल्यावर मला सगळं सांगायचं आणि आत तोंड मिटून राहायचं. जमेल?"

मी हो म्हणाले. गावाने मिळून एक माणूस सावरून धरला होता आणि त्यात मलाही जागा मिळाली होती. याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला. फक्त एक गोष्ट टोचत राहिली. आम्ही ज्या चुका मोजत होतो, त्या खोलीबाहेर आलेल्याच होत्या. आतल्या आत होऊन जाणारी चूक आमच्यापैकी कुणालाच थांबवता येणार नव्हती.

मग एका सकाळी मायलो कास्पारेक आला. धिप्पाड गडी, एकटा वासराला आडवं पाडणारा. त्याला थुंकी गिळवत नव्हती.

"पेनिसिलिन चालतं ना तुला?" डॉकनी विचारलं.

"नाही डॉक. लहानपणी गळा सुजून श्वास बंद झाला होता. तुम्हीच वाचवलंत."

"हो की! तुझी आई एकाच पायात बूट घालून पळत आली होती." डॉक हसले. ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती त्यांना स्वच्छ दिसत होती. त्यांनी घशाला कापूस फिरवून तपासणीची पट्टी लावली. ती रंग धरेपर्यंत ते दोघं वासरांबद्दल बोलत बसले. पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे घशात जंतू होते.

"झालं तर. पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, की मोकळा तू."

बाहेर बर्फावर कुणी म्हातारी घसरून पडली होती आणि डार्लीन कोट न घालताच धावत गेली होती. डॉकनी स्वतः फ्रिजमधून भरलेली सिरिंज काढली.

मायलोने दाराकडे पाहिलं. "डार्लीनला येऊ द्या ना, डॉक. ती टोचते ते कळतही नाही."

"आणि मी काय गुरांना टोचतो?"

"छे, गुरांना मी टोचतो." तो हसायला गेला आणि दुखून थांबला.

मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होते. त्या दिवशी त्यांनी तो विचारला नाही.

मायलोने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, तपासणीच्या टेबलाकडे वळला आणि सुई घ्यायला त्याने कमरेचा पट्टा सैल करायला घेतला.

"डॉक," मी म्हणाले, "मायलोंना पेनिसिलिन चालत नाही. त्यांनी आत्ताच सांगितलं."

डॉकचा हात थांबला. "मायलो?"

मायलो पट्टा धरून उभा होता. "नाही, म्हणजे... थोडंसं चालेल बहुतेक, डॉक."

डॉकनी सुईला टोपण लावलं. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि ते चाकांच्या स्टुलावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी विचारलं होतं?"

"हो."

"आणि काय म्हणालो?"

"बुटाची गोष्ट सांगितलीत."

त्यांनी ट्रे बाजूला सारला. "माझी केस सांग," ते म्हणाले. "नीट सांग, शिकल्यासारखी."

"डॉक, मी..."

"सांग."

मी सांगितली. पुरुष, वय त्र्याहत्तर. जुन्या आठवणी शाबूत. नुकतंच बोललेलं पुसलं जातं. तेच प्रश्न पुन्हा विचारतात. औषधांच्या मात्रा चुकतात. ते मधे मधे विचारत होते: अचानक की हळूहळू? चालण्यात फरक? हात थरथरतात? प्रश्न अगदी जागच्या जागी होते. मी इतके महिने ज्या डॉक्टरांकडून शिकायला आले होते, ते मला त्या वेळीच पूर्ण भेटले.

"आणखी काही?"

"व्होंद्राचेक बाईंना तुम्ही एडविनबद्दल विचारता."

"मग?"

मी मायलोकडे पाहिलं. मायलोने घसा धरून, खरखरीत आवाजात सांगितलं, "एडविन गेला, डॉक. मार्चमध्ये."

डॉकनी चष्मा काढला. "ती बरा आहे म्हणाली," ते हळूच म्हणाले. "प्रत्येक वेळी?"

मी मान डोलावली.

दार उघडून डार्लीन आली. तिच्या केसांत बर्फ होता. तिने ट्रे पाहिला, मायलोचा सुटलेला पट्टा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"याला दुसरं काही दे," डॉक म्हणाले. "काय ते शहरात फोन करून विचार. मला नको विचारू."

ते बाहेरच्या खोलीत गेले, मी मागोमाग. सहा-सात जण ओले बूट घालून बसले होते. डॉकनी त्यांना सांगितलं, मला विसर पडतोय, आजपासून मी कुणाला तपासणार नाही. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही आणि ते त्यांना दिसलं. ते एकेका चेहऱ्याकडे पाहत गेले. जो तो नजर खाली वळवत होता.

"आमचं काही अडत नव्हतं, डॉक," एक बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झालं समाधान, पोरी? आता दीड तास बर्फातून माझ्या नवऱ्याला तू नेणार आहेस का?"

मी दाराशी सरकले.

"तिला काही बोलू नका," डॉक म्हणाले. कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी होती. ते तिच्यावर बसले. शेजारच्या म्हाताऱ्याने सरकून त्यांच्या गुडघ्यांना जागा करून दिली. फोन वाजत राहिला. घरी जायला कुणी उठलं नाही.