सतरावा पदार्थ

१९९१ च्या जून महिन्यात गुणवंत सरांनी मला त्यांचा जुना सूक्ष्मदर्शक घरी न्यायची परवानगी दिली. त्याच महिन्यात माझ्या हातून ती चूक सुरू झाली. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो, मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि सरांच्या हाताखाली उशिरानं पीएच.डी. करत होतो. मुदत दोनदा वाढवून मिळाली होती, आता तिसरी मिळणार नव्हती.

विषय होता द्रवस्फटिक. भाइंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या आमच्या इमारतीत हा शब्द कुणाला सांगण्याचा प्रसंग आला की मी घाबरत असे. मनोरमेला, म्हणजे माझ्या पत्नीला, मी एकदा समजावलं होतं की काही पदार्थ वितळले तरी त्यांचे रेणू सैरावैरा होत नाहीत, वाहतात पण एका दिशेला तोंड करून. विजेचा हलका धक्का दिला की दिशा बदलतात, आणि त्यांच्यातून जाणारा उजेडही बदलतो.

"म्हणजे तुमच्या कॅल्क्युलेटरमधले काळे आकडे?" ती म्हणाली.

"हो, तेच."

"मग ते तर बाजारात मिळतात. तुम्ही काय शोधताय?"

मी सोळा नवे पदार्थ बनवले होते आणि ते सगळे विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत तपासले होते. ते किती तापमानाला वितळतात, किती तापमानापर्यंत द्रवस्फटिक राहतात, एवढंच माझ्याजवळ होतं. प्रबंध म्हणजे एक लांबलचक कोष्टक झालं असतं.

सतरावा पदार्थ मी कॉलेजात बनवला आणि घरी तपासला. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यातल्या एका कारागिरानं मला तांब्याची चकती करून दिली होती. तिला तार गुंडाळून मी ती गरम करत असे. चकतीवर काच, काचेवर पदार्थाचा कण, वर पाकिटातली नवी पातळ काच. खाली आणि वर उजेड गाळणारे दोन पोलरायझर, एकमेकांना आडवे लावलेले, त्यामुळे मध्ये काही नसेल तर सगळं काळं दिसतं. साध्या काचेवर असा पदार्थ वितळला की रेणूंचे लहान लहान जमाव वाटेल त्या दिशांना तोंड करतात. मग गुंतलेल्या दोऱ्यांसारखं चित्र दिसतं.

सतराव्यात दोरे दिसले नाहीत. सगळी काच एकसारखी पिवळी होती, आणि मी ती फिरवली तशी सगळीच्या सगळी एकदम काळी झाली. आणखी फिरवली, पुन्हा पिवळी. म्हणजे सगळे रेणू एका दिशेला होते.

हे साध्य करायला पडदे बनवणारे लोक काचेवर एक थर देतात आणि तो मखमलीनं एका दिशेला घासतात. ही गोष्ट मला माहीत होती, ती फार जुनी आहे. माझा पदार्थ मात्र काहीही न करता, साध्या काचेवर, आपोआप रांगेत उभा राहत होता. मी पाच काचांवर पाहिलं, मग बारा, मग तीस. एरवी मी दाराला कुलूप लावलं की नाही हे दोनदा बघून येतो. त्या तीस काचांनंतर मी काहीच पुन्हा बघितलं नाही.

गुणवंत सर खूश झाले. जानेवारीतल्या परिषदेत माझा निबंध ठेवला गेला. घड्याळं बनवणाऱ्या एका कंपनीचा शास्त्रज्ञ येणार होता आणि त्याला प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं.

"शशिकांत, आता तुझा थीसिस उभा राहिला," सर म्हणाले. "आधी नुसता झोपलेला होता."

नोव्हेंबरमध्ये सतरावा पदार्थ बिघडला. काचेवर दोरे दिसू लागले, अगदी इतरांसारखे. मी पदार्थ पुन्हा शुद्ध केला. तरी दोरे. तिसऱ्यांदा शुद्ध केला, मग नव्यानं बनवला. आठ दिवस मी कॉलेजातून आलो की शर्टही न बदलता सूक्ष्मदर्शकाशी बसत होतो. दोरेच. मनोरमेनं एकदा चहा आणून ठेवला आणि थंड झालेला परत नेला.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सगळं पिवळं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच बाटलीतला, त्याच दिवशीचा पदार्थ सकाळी दोरे दाखवत होता.

"आज काय वेगळं झालं?" मी मोठ्यानं विचारलं. मनोरमा भाजी चिरत होती.

"काही नाही. रंभाबाई आली परत. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती ना."

रंभाबाई आमच्याकडे पाच वर्षं भांड्यांना येत होत्या. जवळच्याच राई गावच्या. त्यांच्या माहेरचे लोक पूर्वी मिठागरावर काम करायचे, एवढं मला मनोरमेकडून कळलं होतं. मी स्वतः त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्या आल्या की मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जात असे. काही सांगायचं असलं तर मनोरमेला सांगे, आणि ती त्यांना.

"माझ्या काचा डबीत कोण भरतं?" मी विचारलं.

"तुम्हीच भरता ना?"

"मी धुऊन गॅलरीत खाचांच्या लाकडी घोडीवर उभ्या करतो आणि कॉलेजला जातो. परत येतो तेव्हा त्या डबीत असतात. मला वाटलं, तू भरतेस."

"मी कशाला हात लावू? मला वाटलं, तुम्ही रंभाबाईला सांगून ठेवलंय." सुरी हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. "ती नव्हती तेव्हा तुम्हीच तर भरत होतात बारा दिवस."

ते खरं होतं. घोडीवर काचा दिसल्या म्हणून मी त्या उचलून डबीत ठेवत होतो. रंभाबाईंच्या सुट्टीचा आणि माझ्या पदार्थाचा काही संबंध असेल असं मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात रजा सांगितली. रंभाबाई आल्या तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. त्यांना बहुधा काही फुटल्याची शंका आली.

"रंभाबाई, माझ्या काचा... तुम्ही पुसता का?"

"पुसतंय ना, मास्तर. खाडीचा वारा हाय, घटकेत खारट धूळ बसते. वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवलाय मी त्याला, मऊ हाय. फुटली न्हाय ना एकबी?"

"नाही, नाही. कशा पुसता? दाखवता?"

त्यांनी काच हातात घेतली, फडकं बोटाला गुंडाळलं आणि वरून खाली ओढलं. उचललं. पुन्हा वरून खाली. दहाबारा वेळा, एकदाही उलट नाही.

"उलट का नाही फिरवत?"

"उलट?" त्या हसल्या. "मास्तर, मिठागरावर बापूस सांगायचा, फळी आपल्याकडं वढायची, मंग उचलायची न् परत मांडायची. ढकलायची न्हाय. ढकलली का खालचा चिखल वर येतो, मीठ कालं होतं. तवापासून हाताला तशीच सवय. कंदिलाची काचबी मी तशीच पुसायची."

मी खुर्चीवर बसलो. पडदे बनवणारे लोक मखमलीनं जे करतात, ते आमच्या गॅलरीत जून महिन्यापासून लुगड्याच्या तुकड्यानं होत होतं. आणि मी निबंधात लिहिलं होतं: 'काचा हवेत वाळवल्या.'

तरी खात्री करायला हवी होती. मी त्यांना एक काच अर्धी लांबीच्या दिशेनं आणि अर्धी तिरकी पुसायला सांगितली. आडवी पुसली असती तर दोन्ही भाग एकदमच काळे झाले असते आणि काही कळलं नसतं. तिच्यावर मी सतरावा नाही, चौथा पदार्थ ठेवला. तो वर्षभर बाटलीत पडून होता आणि विद्यापीठात त्यानं दोऱ्यांशिवाय काही दाखवलं नव्हतं.

अर्धी काच काळी, अर्धी पिवळी. मधली रेघ जवळजवळ सरळ होती.

"बघा," मी म्हणालो आणि बाजूला झालो.

रंभाबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि एक डोळा मिटून बघितलं. "अगो बाय! अर्धा काला न् अर्धा पिवला. ह्ये मी केलं?"

"हो. तुम्हीच."

"पाच वर्षांत पहिल्यांदा बोललात तिच्याशी," मनोरमा मागून म्हणाली, "जूनमध्ये बोलला असतात तर?"

ती हे लागावं म्हणून बोलली नव्हती, पण ते लागलं. शिवाय, त्या सोळांपैकी एक जरी पदार्थ मी घरच्या काचेवर ठेवून पाहिला असता, तरी सगळं त्याच दिवशी उघड झालं असतं. ठेवला नाही, कारण मला सतरावा हवा होता.

डबीत रंभाबाईंनी पुसलेल्या वीस काचा तयार होत्या. परिषदेत दाखवायला तीन पुरे होत्या. त्या काचांवर सतरावा पदार्थ कुणाच्याही देखत रांगेत उभा राहिला असता, आणि मुंबईत बसून कुणी विचारणार नव्हतं की भाइंदरला काचा कोण पुसतं. माझा प्रबंध वेळेत झाला असता. हा विचार मी शुक्रवारपासून रविवारपर्यंत केला, हे इथे लिहिलं पाहिजे. सोमवारी मी सरांकडे गेलो, तेही आदल्या दिवशी मनोरमेला सांगून बसलो होतो म्हणून.

सरांना मी अर्धी-अर्धी काच दाखवली. त्यांनी ती स्वतः चारपाच वेळा फिरवली.

"हा सतरावा?"

"नाही सर. हा चौथा. सगळेच असे दिसतील. सतराव्यात विशेष काही नाही."

सरांनी काच काढून टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "'हवेत वाळवल्या' असं कुणाला विचारून लिहिलंस?"

"कुणालाच नाही."

"घड्याळवाल्याला मी पत्र लिहून बोलावलंय. आता त्याला काय सांगू? बाईनं काच पुसली म्हणून?"

"हो सर."

"शशिकांत, तू माणूस सीधा आहेस," सर म्हणाले, "पण फार उशिरा सीधा होतोस." आणि त्यांनी माझ्यासमोरच निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहायला घेतलं.

मुदत संपली. नव्यानं नाव नोंदवावं लागलं आणि सतराही पदार्थ पहिल्यापासून तपासावे लागले, पुसलेल्या काचेवर आणि न पुसलेल्या. त्याला तीन वर्षं लागली. प्रबंध शेवटी कोष्टकांचाच झाला. काचा कशा तयार केल्या त्या परिच्छेदात मी रंभाबाईंचं नाव लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं, मी पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी खोडलं नाही.

सरांकडून आलो त्या सोमवारी मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मंगळवारी सकाळी मी घोडीवर काचा लावत होतो, तेवढ्यात रंभाबाई आल्या. या वेळी मी आत गेलो नाही.

"मास्तर, मंग आता ह्या पुसू का नको?"

"दहा पुसा, दहा तशाच राहू द्या," मी म्हणालो. "आणि कुठल्या पुसल्यात, ते मला सांगा."

"तुमालाच सांगू? का वहिनींना?"

"मलाच."

त्यांनी फडकं बोटाला गुंडाळलं. "न् त्या सतरावाल्याचं काय झालं?"

"तो साधाच निघाला."

"मंग टाकून दिला?"

"नाही. बाटलीत आहे." मी वही उघडली आणि एक नवा रकाना आखला. "कुठून सुरुवात करताय?"

"वरून," त्या म्हणाल्या, आणि मी तसं लिहून घेतलं.