बंपरातलं ताक

छप्पन्न साली चाकणात एकच मोटार होती आणि ती हाकायचा मान माझा होता. मोटार उद्धवराव पाटलांची. मुंबईच्या कुण्या साहेबाने वापरून टाकलेली, रंगाने काळी आणि स्वभावाने म्हैस. उताराला धावायची आणि पाणी दिसलं की उभी राहायची. तरीही मी तिच्यातून निघालो की पेठेतली माणसं रस्ता द्यायची, आणि मला मालोजी न म्हणता ‘डायवरसाहेब’ म्हणायची.

तिचा पुढचा बंपर मात्र आमची लाज काढायचा. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याने त्याचा मूळचा चकचकीत मुलामा पार खाल्ला होता, खाली राहिलं होतं लाल गंजकं पोलाद. त्यात मोशीच्या एका खोंडाने ढुशी देऊन मधोमध पोचा पाडलेला. मीच मोटार दगडावर घातली असं लोक म्हणत. तो खोंड आज हयात नाही, नाहीतर त्याने स्वतः साक्ष दिली असती.

एकदा पाटील चिंचवड स्टेशनावर पाहुणे आणायला गेले असता त्यांचे व्याही अर्जुनराव चार लोकांत म्हणाले, “पाटील, मोटार आणलीत का नांगर?” पाटील वाटभर मिशी चावत बसले. पुण्याच्या कारखान्यात बंपरला नवा मुलामा द्यायचा भाव विचारला, तर तेवढ्यात बैलजोडी आली असती. घरी आल्यावर त्यांनी मला सांगितलं, की शनिवारच्या बाजाराआधी मोटारीचं हे थोबाड घरच्या घरी नीट कर, आणि खर्चाचा शब्द माझ्या कानावर येऊ देऊ नकोस.

मी आधी राख, चिंच आणि मीठ लावून बंपर घासला. दुपारपर्यंत तो नवऱ्या मुलासारखा चमकला आणि सकाळी पुन्हा लाल. मग पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेलं बेगड डिंकाने चिकटवलं. भोसरीच्या माळावर वाऱ्याने ते सगळं ओरबाडून नेलं आणि एका बाभळीला गुंडाळलं. पुढे दोन वर्षं लोक त्या बाभळीला नवस बोलत होते. एकीला त्यातून जुळी झाली. शेवटी पाण्याच्या टाकीला लावतात तो चंदेरी रंग फासला. तो वाळायच्या आत त्यावर इतकी चिलटं बसली, की बंपरला मिशा फुटल्या. पाटलांनी त्या मिशा पाहिल्या आणि ते घरात निघून गेले.

तेव्हा मला गवराबाई आठवली.

गवराबाई म्हणजे कल्हईवाल्या सोपानरावांची बायको. हे जोडपं बीडकडून येऊन वेशीजवळच्या लिंबाखाली बसलं त्याला सहा वर्षं झाली होती. गावातल्या प्रत्येक तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून सोपानरावांची कल्हई. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हिरवट होतं, आणि ते पिणारा दोन दिवस परसाकडेच मुक्काम करतो. म्हणून कल्हईवाल्यावर गावाचा वैद्यापेक्षा जास्त भरवसा. पण त्या वर्षीच्या वैशाखात सोपानरावांच्या उजव्या हातातलं बळ गेलं. बोटं मिटेनात. गवराबाईने नवऱ्याचा चिमटा हातात घेतला, तर गावाने भांडी द्यायचंच बंद केलं. पाटलांच्या आई रुक्मिणीबाई, ज्यांना सगळं गाव थोरल्या बाई म्हणायचं, त्या पाणवठ्यावर एवढंच म्हणाल्या होत्या, की बाईच्या हाताची कल्हई आठ दिवसांत उडते. थोरल्या बाईंनी म्हटलं म्हणजे चाकणच्या चुलीने म्हटलं.

दसरा तोंडावर आलेला. वर्षाची निम्मी कल्हई दसऱ्या-दिवाळीच्या मधे होते, आणि लिंबाखाली एक वाटीसुद्धा नव्हती. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना झाला होता, आसपास आणखी बांधकामं निघत होती. शनिवारच्या बाजारात भांडी आली नाहीत तर रविवारी बिऱ्हाड उचलायचं आणि पिंपरीला पाट्या वाहायच्या, असं नवराबायकोचं ठरलं होतं. भाता विकायलासुद्धा काढला होता.

मी बुधवारी तो चंदेरी रंग मिशांसकट खरवडून काढला, बंपर खोलून खांद्यावर घेतला आणि लिंबाखाली नेऊन टाकला. गवराबाईने तो उलटापालटा केला, नखाने खरवडला, पोच्यावर बोट फिरवलं.

“हे कशाचं भांडं म्हनायचं, भाऊ?”

मी म्हटलं मोटारीचं. तिने मान डोलावली. मोटार काय खाते हे तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. हे विचारलं असतं आणि सांगितलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गुरुवारी दुपारी गेलो. हंड्याचे पोचे काढायच्या लाकडी हातोडीने तिने तो मधला पोचा वाळूच्या पोत्यावर असा बसवला होता, की खोंडालाही जागा सापडली नसती. बंपर चार हात लांब, तिचा खड्डा दीड वीत. म्हणून तिने बंपराएवढा चर खणून त्यात कोळसा भरला होता. एका टोकाला सोपानराव डाव्या हाताने भाता मारत होते, दुसऱ्या टोकाला तिने मला सूप देऊन बसवलं. मी पाटलांचा डायवर आहे ही गोष्ट तिला सांगून पाहिली. ती म्हणाली, मग वारा नीट घाला.

बंपर तापला, नवसागर पडला, पांढऱ्या धुराचा लोट उठला. कथलाची कांडी टेकवत आणि कापसाचा बोळा फिरवत ती या टोकाकडून त्या टोकाकडे अशी गेली, की मला बाई दिसलीच नाही, नुसता बोळा दिसला. धूर निवळल्यावर मी पुढे होऊन पाहिलं. बंपराची आतली पन्हळ, मोटारीकडे तोंड करून असते ती, चंद्रासारखी झळकत होती. आणि बाहेरची बाजू, जी अर्जुनराव बघणार होते, ती होती तशीच लाल.

“वैनी, हे उलटं केलंत,” मी म्हणालो.

“कल्हई आतूनच लावत्यात, भाऊ. बाहीरनं लावून कुनाचं प्वाट भरतं?”

मी तिला समजावलं, की या भांड्यात काही शिजत नाही, हे नुसतं बघायचं भांडं आहे. हे ऐकून तिला माझी कीव आली असावी. सोपानराव इतके हसले, की भाता सुटला. पण मग त्यांनी डब्यात डोकावलं आणि हसू आटलं. कथलाची एकच कांडी उरली होती. ती राखून ठेवली तर पिंपरीला जाताना विकून वाटखर्ची निघाली असती. सोपानराव म्हणाले, राहू दे, झालं तेवढं झालं. गवराबाईने कांडी उचलली.

“अर्धं काम म्हागं ठिवून मी गाव सोडनार न्हाई,” ती म्हणाली, आणि तिने बंपर पालथा घातला.

त्या कल्हईचं वर्णन करताना मला हात आखडता घ्यावा लागतो, कारण लोक लगेच मला खोटारडा म्हणतात. शुक्रवारी मी बंपर चढवून पाटलांना चिंचवडला नेलं. मोशीच्या पुलावर त्याची तिरीप इंद्रायणीत पडली, तेव्हा दोन मासे पुलाच्या कठड्यावर येऊन बघून गेले. भोसरीत मी पाणी भरायला थांबलो, तेवढ्यात एका न्हाव्याने बंपरासमोर गिऱ्हाईक बसवून दाढी उरकली. आणि चिंचवडच्या फाटकावरच्या माणसाने लांबून झळाळी पाहिली, त्याला वाटलं मेल आली, त्याने फाटक पाडलं. खरी मेल यायला अजून पाऊण तास होता. अर्जुनराव मोटारीभोवती दोन वेळा फिरले, बंपरात बघून त्यांनी पागोटं सारखं केलं, पण नांगराचं नाव काढलं नाही. येताना पाटील वाटभर शीळ घालत होते. पाटलांना शीळ येते हे मला तेव्हा कळलं.

शनिवारी बाजार भरला. मी मोटार मुद्दाम लिंबापाशी उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागलो, की ही गवराबाईची कल्हई. माणसं थांबत, बंपरात दात बघत, वा वा म्हणत आणि कांद्याच्या भावाकडे वळत. बायका लांबूनच बघत होत्या. भांडं एकीनेही काढलं नाही. दिवस कासराभर वर आला तेव्हा थोरल्या बाई आल्या. त्यांनी बंपराकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“चकाकी बेगडाला बी असती,” त्या म्हणाल्या. “कल्हई डोळ्यानं न्हाई, जिभेनं पारखत्यात.”

सोपानरावांनी मान खाली घातली. गवराबाई मात्र पदर खोचून उठली.

“मंग पारखा की, थोरल्या बाई. भाऊ, खोला त्यो.”

मी पाना काढला आणि भरबाजारात बंपर खोलला. तिने तो उलटा करून दोन दगडांवर ठेवला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की त्याला आतूनही कल्हई आहे. चार हात लांबीची पन्हळ, जशी जनावरांची गव्हाण. तिने ती उकळत्या पाण्याने तीनदा धुतली, बोल्टांच्या भोकांना आणि दोन्ही टोकांना कणकेचे गोळे थापले, आणि म्हणाली, आता तुमच्याच घरचं ताक मागवा, चांगलं आंबट.

थोरल्या बाईंनी चार दिवसांचं ताक मागवलं. ते इतकं आंबट होतं, की पहिली घागर शेजारून गेली तेव्हा एका म्हाताऱ्याचे उरलेले दातही आंबले. ताक पन्हळीत ओतलं. दिवस डोक्यावर येईपर्यंत ठेवायचं ठरलं. लोखंडाला आंबट लागलं की काळं पडतं, हे पोरालाही ठाऊक. टाचणीएवढी जागा जरी कल्हईवाचून राहिली असती, तरी तिथून शाईसारखा ओघळ सुटला असता.

त्या दिवशी चाकणात कांदा विकला गेला नाही. आडते, हमाल, भगत, शाळेचे मास्तर, सगळे बंपराभोवती उकिडवे बसले. एखादी माशी आली की दहाजण हाकलायला उठत. उद्धवराव स्वतः आले आणि आपल्या मोटारीचं थोबाड ताकाने भरलेलं पाहून काही विचारायच्या बेतात होते, पण आईकडे बघून तेही उकिडवे बसले. सोपानराव भात्याला पाठ टेकून डोळे मिटून होते. गवराबाई उभी होती. तिने ताकाकडे एकदाही पाहिलं नाही.

दिवस डोक्यावर आला. थोरल्या बाई पुढे झाल्या. आधी त्यांनी वाकून नीट पाहिलं. ताक पांढरंशुभ्र. मग करवंटीच्या डावाने मधल्या पोच्याच्या जागेवरून ताक घेतलं, वास घेतला आणि एक घोट तोंडात धरला. किती वेळ धरला म्हणता? मधल्या वेळात मास्तरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. घोट खाली गेला. त्यांनी दुसरा घेतला, तो टोकाच्या अगदी कडेचा. मग तिसरा.

“मीठ घालायचं ऱ्हायलं,” थोरल्या बाई म्हणाल्या.

आणि डाव शेजारच्या बाईच्या हातात दिला.

मग ती बाई प्यायली, तिच्या शेजारची प्यायली, मास्तर प्यायले, हमाल ओंजळीने प्यायले. एकशे सदतीस माणसं त्या बंपरातलं ताक प्यायली. तीन घागरींचं ताक तेवढ्यांना कसं पुरलं असा हिशेब मांडणारे मला अधूनमधून भेटतात. त्यांना मी सांगतो, की शेवटच्यांना कमी मिळालं. त्यातल्या एकाचंही पोट दुखलं नाही, हे मात्र मी कोणत्याही देवळाच्या पायरीवर सांगायला तयार आहे. उद्धवराव सगळ्यांत शेवटी प्यायले, मिशा पुसल्या, आणि माणसांकडे वळून म्हणाले, “पुन्याच्या कारखान्याला हे जमलं असतं का?”

सोपानराव अजून डोळे मिटूनच होते, पण डाव्या हाताने त्यांनी भात्याला बांधलेली विकायची चिठ्ठी तोडली आणि चोळामोळा करून खिशात घातली.

रविवारी पहाट फुटायच्या आत लिंबाखाली हंडे, घागरी, तपेली, पराती अशी रांग लागली, की रस्ता अडला आणि मला मोटार ओढ्यातून काढावी लागली. कथील आणायला मीच शनिवारी रात्री पुण्याला गेलो होतो, पाटलांच्या मोटारीतून आणि पाटलांच्या हुकमाने. ते उतरवलं आणि पहिली परात आगीवर चढली, तेवढ्यात थोरल्या बाई आल्या. मागे गड्याच्या डोक्यावर त्यांचा लग्नातला हंडा. लोक आपोआप बाजूला झाले. पाटलांच्या घरचं भांडं आलं की ते आधी, हा गावाचा शिरस्ता. सोपानराव घाईने उठले आणि हंडा घ्यायला पुढे झाले.

गवराबाईने आगीवरची नजर काढली नाही. नवसागराची चिमूट टाकली, बोळा फिरवला, परात पाण्यात बुडवली. चर्र झालं. मग म्हणाली,

“थोरल्या बाई, तुमच्या म्होरं एकोणीस भांडी हायती. सावलीला टेका.”

पाटलांच्या आईला थांबा म्हणणारं माणूस चाकणात तोवर जन्मलं नव्हतं. गडी हंडा डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला. थोरल्या बाईंनी गवराबाईच्या हातांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, मग लुगडं सावरून लिंबाच्या सावलीत बसल्या आणि गड्याला म्हणाल्या, हंडा विसाव्या नंबरावर ठेव. आणि थोड्या वेळाने, नुसतं बसवेना म्हणून, सोपानरावांच्या शेजारच्या भात्याला हात घातला.

“वारा नीट घाला,” गवराबाई म्हणाली.