काट्यावर पाच

"आधी बाण काढ, मग तोंड उघड. तोंडाला काय, नेहमीच घाई असते."

वॉर्डात तिला शिकवणाऱ्या प्लास्टरवाल्या काकांचा आवाज तिला अगदी कानाशी आल्यासारखा ऐकू आला, आणि उत्तरासाठी उघडलेलं तोंड तिने मिटून घेतलं.

"बाई, प्रश्न कळला ना?" टेबलापलीकडून हाडांच्या विभागाचे थोरले डॉक्टर म्हणाले. त्यांच्या शेजारी पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापिका बसल्या होत्या.

"कळला, सर. कागद घेऊ का?"

"घ्या की."

प्लास्टर टेक्निशियनची ही तोंडी परीक्षा. तिची तिसरी खेप, आणि शेवटची. कारण वयाची पंचेचाळीस वर्षं पुरी झाली की या परीक्षेला बसू देत नसत आणि तिला ती पुढच्या महिन्यात पुरी होणार होती. आज जमलं नाही, तर वॉर्डात मदतनीस म्हणून आली तशीच मदतनीस म्हणून एक दिवस निरोपाचा हार घालून घरी जायचं होतं.

समोरच्या टेबलावर एक लोखंडी कडी आडवी होती. कडीला तीन दोऱ्या. दोन दोऱ्या टेबलाच्या लगतच्या दोन कडांवरच्या पुल्यांवरून खाली गेलेल्या. एकीच्या टोकाला तीन किलो, दुसरीच्या टोकाला चार. तिसरी दोरी मागे ताणून, ओढ मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याला अडकवलेली.

"या दोन दोऱ्या काढून एकच लावायची," डॉक्टर पुन्हा म्हणाले. "ओढ तेवढीच, दिशा तीच. किती वजन लावाल?"

एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाच्या पायाला दोरी, दोरी पुलीवरून खाली, खाली वजनं. ती उचलून आणायची, लावायची, पाळी संपताना वहीत लिहायची. सगळा वॉर्ड तिला वजनताईच म्हणायचा.

पण पहिल्या परीक्षेत तिने सांगितलं होतं, "पेशंट हलत नाही, म्हणजे त्याच्यावर बल नाही." परीक्षक एकमेकांकडे बघून हसले होते. काका मात्र हसले नव्हते, चिडलेच होते.

"बल नाही म्हणे! जा, सात नंबरच्या पायाचं वजन काढून ये. केवढा बोंबलतो ते ऐक. आणि पलंगाची पायाकडची बाजू आपण ठोकळे लावून उचलतो, ती काय शोभेला? दोरी त्याला पायाकडे ओढते, त्याचं स्वतःचं वजन त्याला उशीकडे ओढतं. दोघांचा जोर सारखा, म्हणून तो बापडा मधे शांत. शून्य येतं ते बेरजेचं, बाई. जोर दोन्हीकडून आहेच."

दुसऱ्या खेपेला असाच तीन आणि चारचा प्रश्न आला होता आणि ती ताडकन म्हणाली होती, "सात." दुसरं काय म्हणणार? वहीत प्रत्येक पलंगापुढे 'एकूण वजन' असा रकाना होता आणि एकोणीस वर्षं रोज तिने तीन अधिक चार सातच लिहिले होते. हाताला ती सवयच जडली होती.

तेव्हा काकांनी तिला आणि एका आयाला रिकामी ट्रॉली ओढायला लावली. "तू खिडकीकडे ओढ. आणि तू गं, दाराकडे. ओढा!" ट्रॉली खिडकीकडेही गेली नाही आणि दाराकडेही नाही, दोघींच्या मधूनच कपाटावर जाऊन आदळली. "बघितलंस? जोराला तोंड असतं. तोंड कुठे आहे ते न बघता बेरीज करायची नाही."

त्यानंतर काका निवृत्त झाले, आणि वर्षाच्या आतच गेले. तिने मात्र नेम धरला. लेकीचं नववीचं जुनं पुस्तक घ्यायचं आणि रोज पहाटे एक गणित सोडवायचं. ते सुटल्याशिवाय चहाचा घोट नाही. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण नेमाची किंमत कळत होती. त्याही थांबायच्या. "झालं का गं? तुझ्या त्या दोरीला माझाही चहा लटकलाय." ताप असतानाही तो नेम चुकला नव्हता.

तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि चौकड्यांच्या कागदावर पेन्सिल टेकवली. तीन घरं आडवी, बाण. चार घरं उभी, बाण. चौकोन पुरा केला, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी रेघ ओढली आणि मोजली.

"पाच किलो. आणि दिशा ही अशी. चाराच्या बाजूला जास्त झुकलेली."

प्राध्यापिकाबाईंनी मान हलवली नाही. "आता काटा बघा."

काटा साडेतीनच्या जरा पुढे होता.

"बोला," डॉक्टर म्हणाले. "तुमचं गणित खरं, की काटा खरा?"

काट्यावर जे दिसतं ते लिहायचं, वाद घालायचा नाही, हेच आजवर केलं होतं. 'चुकलं, सर,' एवढं म्हटलं की सुटका होती. पण मग रोज पहाटे जे सोडवलं ते काय होतं?

तिने कागद उचलून कडीशेजारी धरला. कागदावरची तिरपी रेघ बघितली, मग टेबलावरची काट्याची दोरी बघितली. दोन्ही एका रेषेत यायला हव्या होत्या. नव्हत्या. कडी तीनच्या पुलीकडे सरकली होती.

"सर," तिचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "तीन त्याचं काम करतोय. चारची दोरी चार ओढत नाहीये."

"म्हणजे?"

"हात लावू का?"

उत्तराची वाट न बघता ती खाली वाकली. टेबलाखाली एक स्टूल होतं, त्यावर डॉक्टरांची बॅग. चार किलोची सगळ्यात खालची चकती त्या स्टुलाच्या कडेवर अर्धी विसावली होती. तिने स्टूल ओढलं. वजन बोटभर खाली आलं, दोरी ताणली गेली, कडी हळूच सरकून मधल्या रेषेवर आली, आणि काटा थरथरत पाचावर जाऊन थांबला.

मग प्राध्यापिकाबाई पुढे झुकल्या. "दोऱ्या आणखी फाकवल्या तर?"

"ओढ कमी होईल, बाई. अगदी समोरासमोर आणल्या तर एकच किलो उरेल." ती जराशी थांबली. "आणि दोन्ही एकाच दिशेला लावल्या तर सात. मागच्या वेळचे माझे सात तिथे बरोबर होते."

प्राध्यापिकाबाई खळखळून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्या नावापुढे मोठी खूण केली आणि पेन तसंच हातात धरून बसले.

"बॅग ठेवायला ते स्टूल सकाळी मीच खाली सरकवलं, वजन त्यावर टेकलंय हे पाहिलंच नाही," ते म्हणाले. "याआधी पाचजण येऊन गेले."

प्राध्यापिकाबाईंचंही हसू ओसरलं. "त्यांतल्या तिघांनी पाच म्हटलं होतं. मी काटा बघा म्हटलं, आणि तिघांनी उत्तर खोडलं."

"बोलवा त्यांना परत."

दोघे बाहेर बाकावरच होते. तिसरी, लहान मुलांच्या वॉर्डातली मदतनीस, केव्हाच निघून गेली होती. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. यादी पाच वाजता वर जायची होती.

"मी आणते तिला," ती म्हणाली. "वखारीमागे राहते. पाचच्या आत आणते, सर. शब्द देते. तुम्ही यादी बंद करू नका."

"अहो, तुम्ही पास झालात. आधी घरी तर सांगा!" डॉक्टर म्हणाले.

जिन्यात तिने घरी फोन लावला.

"झालं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं, आई."

पलीकडे भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग, "ये लवकर. चहा टाकते."

"उशीर होईल थोडा. एक काम आहे."

"आजच्या दिवशी कसलं गं काम?"

"आल्यावर सांगते."

खाली वॉर्डाच्या दाराशी तिची वाट बघत चारदोन जणी उभ्या होत्या. त्यांच्यात अडकून वेळ जाऊ नये म्हणून ती मागच्या दाराने बाहेर पडली. घड्याळात पावणेचार झाले होते. तिने पदर खोचला आणि वखारीच्या रस्त्याला लागली.