शॉटनंतरचं हसू

माझा भाऊ सर्वेश पडद्यावर इतक्या वेळा मेला, की आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत त्याची थट्टाच व्हायची. "काय रे, ह्या पिक्चरमध्ये इंटरव्हलपर्यंत तरी टिकतोस ना?" वॉचमनसुद्धा विचारायचा. कधी हिरोचा धाकटा भाऊ, कधी जिवलग मित्र, कधी गोळी खाणारा हवालदार. असा गोड चेहऱ्याचा मुलगा मेला की प्रेक्षक हळहळतात, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. सर्वेश ठाण्यात कॉलेजच्या एकांकिका करून वर आलेला, आलेल्या कामाला नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

पहिल्याच सिनेमात गुरुदत्तकाका नावाच्या जुन्या मेकअपमॅननी त्याला सांगितलं होतं, की मेल्याचा शॉट झाला की कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. म्हणजे ते मरण खोटं होतं हे वरच्यालाही कळतं. सर्वेशने घरी येऊन हे गंमत म्हणून सांगितलं, पण आईने ते मनावर घेतलं. तेव्हापासून असा शॉट असला की त्या दिवशी तिचे दोन फोन ठरलेले, आधी आठवणीचा आणि नंतर खात्रीचा.

"हसलास ना रे?"

"हसलो गं आई, बत्तीशी दाखवली."

मग कुठे तिला जेवण जायचं. मला ह्या प्रकाराचा संताप यायचा. मी कल्याणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माणसाला काय झालंय हे आम्ही रक्त तपासून सांगतो, तो हसला की नाही हे विचारत नाही.

एकतिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. त्यातही मरायचंच होतं, पण निदान शेवटी. तो शॉट खाडीकाठी झाला. त्या दिवशी आई गावी, नात्यातल्या एका डोहाळजेवणात गुंतली होती आणि फोन करायचे राहून गेले. पुढे महिनाभरातच सर्वेशला ताप येऊ लागला, आणि मग 'हसला होतास का' हे विचारायची आईची हिंमत झाली नाही. त्याचं रक्त मीच काढलं. सिनेमा लागायच्या आत तो गेला.

"माझ्यामुळे गेला," आई म्हणायला लागली. "मी आठवण करून दिली नाही, त्याचं हसायचं राहिलं."

ब्लड कॅन्सर म्हणजे काय, हे मी तिला नाना तऱ्हांनी सांगितलं. चित्रं काढून सांगितलं, ओरडून सांगितलं. ती तोंड फिरवायची. वर्ष उलटलं तरी तिने तो सिनेमा पाहिला नाही. सोसायटीने तो हॉलमध्ये दाखवायचं ठरवलं, तेव्हा ती दार लावून बसली. पुढेपुढे ताटावरून तशीच उठायला लागली. अशानं हीसुद्धा हातची जाईल, ह्या भीतीने मी रजा टाकली आणि ठाण्याला सौमित्रकडे गेले. सौमित्र म्हणजे त्या सिनेमाचा एडिटर.

"ताई, कटनंतरचं फुटेज आम्ही कधी बघत नाही," तो म्हणाला. "शोधतो. नसलंच तर दुसऱ्या सीनमधलं हसणं जोडून देतो ना. काकूंना काय कळणार?"

"तिला कळेल," मी त्याला मध्येच थांबवलं. "आणि नाही कळलं, तरी नको."

त्याने शॉट लावला. चिखलात सर्वेश पडलेला. "कट" ऐकू आलं. उजेड चाललेला, म्हणून सगळे पुढच्या शॉटच्या तयारीला पळाले. त्याला हस म्हणायला कोणी थांबलं नाही. कॅमेरा मात्र चालूच राहिला होता आणि तो तसाच निपचित पडून होता. मी देव मानत नाही, तरी त्या खुर्चीत माझे हात जोडले गेले.

"हस ना रे गाढवा," मी चक्क मोठ्याने म्हणाले.

सर्वेशने एक डोळा उघडला. जवळपास कोणी नाही हे बघितलं, मान वळवली आणि सरळ कॅमेऱ्यात बघून बत्तीशी दाखवली. "हसलो गं आई," तो म्हणाला. "फोन नाही आला तुझा, तरी हसलो." मग उठून बसला आणि चहासाठी कोणालातरी हाका मारू लागला.

तेवढा तुकडा मोबाईलवर घेऊन मी घरी आले. आईने तो पाहिला. संपला, तेव्हा बोटाने पुन्हा लावला. आता ती मोकळी होईल, दोन घास खाईल, अशा आशेने मी तिच्याकडे बघत होते.

"हसला होता की गं," आई म्हणाली.

"हो. तुझं काही चुकलेलं नाही."

तिने मोबाईलवरून नजर वर केली.

"मग गेला कसा?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता. तिचा अपराध मी पुसला होता, पण त्याच्याबरोबर तिला पटलेलं एकमेव कारणही पुसलं गेलं होतं. आईने मोबाईल बाजूला ठेवला आणि पदर सावरून माझ्यासमोर बसली.

"ते रक्ताचं काय म्हणत होतीस, ते सांग आता."

मी सुरुवात केली. हाडांच्या आत रक्त कसं तयार होतं, पेशी कशा बिघडतात, सगळं मला पाठ होतं. मग "आपल्या सर्वेशच्या रक्तात" एवढं म्हणाले आणि पुढचं तोंडातून फुटेना. वर्षभर मी आईशी भांडण्यात इतकी गुंतले होते, की त्याच्यासाठी रडायचंच राहिलं होतं. तो कसा गेला, हे मलाही कुठे कळलं होतं?

आईने माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं.

"सावकाश सांग," ती म्हणाली. "ऐकतेय मी."