कुलपातला लिंब

आमच्या अंथुर्ण्यात ओढ्याकाठी एक जुना लिंब हाय. पंचमीला गावच्या साऱ्या लेकी त्याच लिंबाला झोका बांधायच्या. औंदा ग्रामपंचायतीनं तिथंच बाग केली. खोटं कशाला बोलू, बाग झ्याक केली. चालायला फरशीचा रस्ता, पोरास्नी घसरगुंडी, म्हाताऱ्यांस्नी बाकडी. लिंबाला हात लावला न्हाय, उलट त्याच्या बुडाला कट्टा बांधला. आन् मग समद्याला भिंत घालून फाटकाला कुलूप ठोकलं. का, तर उद्घाटन व्हायचंय म्हणं, साहेबांची तारीख मिळाली की.

तारीख काय मिळंना. अख्खा उन्हाळा पोरं फाटकाच्या गजात नाक खुपसून घसरगुंडी बघत बसली. मला डाक्टरनं चालायला सांगितलंय, तर मी आपली डांबरीनंच चालतीय, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. फाटकाला बांधलेली लाल फीत उन्हानं इटून पांढरी पडली. सरपंच महिपतीला इचारलं की त्याचं एकच, काकी, जरा कळ काढा.

कळ काढलीबी असती. पण औंदा माझी सोनम घरी हाय. माघात हायवेला अपघात झाला, त्यात तिचा नवरा गेला. तवापासनं पोरगी उंबरा वलांडंना. ल्हानपणी हिला झोक्यावरनं उतरवायला बापाला काठी घिऊन यावं लागायचं. फांदीची पानं पायानं तोडल्याबिगर उतरायची न्हाय. म्या मनाशी पक्कं केलं व्हतं, पंचमीला हिला झोक्यावर बसवायची. नवरा गेलेल्या बाईनं झोका घिऊ ने असं ज्यानं कुणी ठरवलं, त्यो काय माझ्या दारात भाकरी आणून टाकतोय? पण सोनमच मान हलवायची. लोकं बघत्यात गं आई, म्हणायची.

आदल्या दिवशी महिपतीकडं गेले. त्यो खुशीत व्हता. साहेबांची तारीख मिळालीय, आठ दिवस थांबा, तवर दुसऱ्या झाडाला झोका बांधा, म्हणाला. दुसरं झाड कंचं? रस्ता रुंद करताना बाकीची समदी गेली की. माझं डोस्कंच फिरलं.

पंचमीला बायका वारुळाला दूध-लाह्या वाहून आल्या, तशी म्या दोरखंड खांद्यावर टाकला, हातात पहार घेतली आन् सोनमला दंडाला धरून भाईर काढलं. रडत व्हती, पण आली. फाटकापाशी पोचतोय तर मागं ह्या बायका. महिपतीची आई गोजरआत्याबी काठी टेकत आलेली. म्या कुलपात पहार घातली, तवर महिपती फटफटीवर हजर. पंचायतीची मालमत्ता हाय, पोलीस बोलवीन म्हणाला. बोलव म्हणलं, त्यांस्नीबी बसायला आत बाकडी हायत. मग त्यानं सोनमकडं बघितलं आन् आवाज बारीक केला.

"काकी, शुभ काम हाय. पयलं पाऊल कुणाचं पडावं, ह्याचा तरी इचार करा."

सोनमनं माझा हात झटकला आन् घराच्या वाटंला वळली. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. पहार टाकून म्या तिच्या मागं वळले.

बोलल्या त्या गोजरआत्या. महिपती पाळण्यात असताना त्यांचा मालक गेला. मळ्यात राबून राबून त्यांनी पोराला ह्या मानाला आणला. पंचमीला त्या कायम कडंला बसायच्या, दुसऱ्यांची तान्ही सांभाळत. त्यांनी सोनमला मनगटाला धरून माघारी आणली आन् आपलं दोन्ही हात लेकाम्होरं धरलं.

"तुझ्या पाळण्याला ह्याच भुंड्या हातानं झोका दिलाय मी. तवा तुला इटाळ झाला न्हाय. चावी दे."

महिपतीनं खिशातनं चावी काढली. आत्यांनी ती सोनमच्या मुठीत दाबली. पोरीनं कुलूप काढलं. फीत आडवी आली, ती हातानंच तोडली. मग पोरं जी आत घुसली, घसरगुंडीला रांगच रांग.

झोका बांधला. सोनम आधी नुसतीच बसून राहिली, दोर आवळून. म्या मागनं ढकललं. दोन हेलकावं झालं, तशी ती उठून उभी राहिली, गुडघं वाकवलं आन् झोका चढवायला लागली. पाय फांदीला लागला. पानं आमच्या डोस्क्यावर पडली. तवा ती हसली. माघापासनं पयल्यांदा हसली. म्या ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली.

ती उतरली तशी आत्यांनी काठी माझ्याकडं दिली आन् म्हणाल्या, आता मी.

त्या दिवसापासनं बागंला कुलूप न्हाय. आठ दिवसांनी साहेब यायच्या सकाळी महिपती नवी फीत घिऊन आला. काकी, तेवढा झोका सोडा, फोटोत बरं दिसत न्हाय, म्हणाला. वर सोनम झोके घेत व्हती. कट्ट्यावर गोजरआत्या वाट बघत बसलेल्या.

"तू खुशाल फीत बांध," म्या म्हणलं. "झोका सुटायचा न्हाय. साहेबांस्नी बसायचं आसंल तर तुझ्या आईच्या मागं नंबर लावायला सांग."